ड्रॉइंग बदलले, नुकसान कोणी सोसायचे?

पनवेल हे एके काळी बैलगाडीच्या चाकांचे गाव होते. बोरघाटाचा रस्ता १८३० मध्ये गाड्यांसाठी खुला झाला, घाटावरचा माल पनवेलच्या बंदरात उतरू लागला. परतीच्या वाटेला लागणारा गाडीवान इथून चाकांची जोडी घेऊन जाई, अशी नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात आहे. त्या चाकाचा तुंबा, आरे, पुठ्ठे आणि वरची लोखंडी धाव ही सगळी एकमेकांच्या मापावर बसलेली असत. आरा जरा जाड करायचा म्हटले की तुंब्यातले भोक बदलायचे, पुठ्ठ्याचे खाचे बदलायचे. पण हे सारे एकाच कारागिराच्या डोक्यात असे. नमुना त्याचा, हत्यार त्याचे आणि गिऱ्हाईक समोर उभे. मग बदल लिहून ठेवायचा कोणासाठी?

आज पनवेल तालुक्यात चाके करणारे हात लोखंडाकडे वळले आहेत. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून पत्रा, चॅनेल, अँगल उचलायचा, आपल्या गाळ्यात कापायचा, वाकवायचा, वेल्डिंग करायचे आणि तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याला द्यायचा. कोणी लेथवर काम करतो, कोणी डाय बनवतो, कोणी ट्रकच्या बॉड्या बांधतो. आमच्या वाचकांपैकी कितीतरी जणांचे पोट या जॉबवर्कवर आहे. या धंद्यात नमुना एकाचा असतो, हात दुसऱ्याचे असतात आणि गिऱ्हाईक तिसरेच असते. वस्तूचे ड्रॉइंग कंपनीच्या कार्यालयात बदलते आणि तो बदल आपल्या गाळ्यापर्यंत पोचतो तो फोनवरच्या एका वाक्याने. "अरे भाई, ते होल जरा पाच मिलीमीटर पुढे घ्या." आपण "ठीक आहे साहेब" म्हणतो आणि फोन ठेवतो. धंद्यात पैसा बुडतो तो इथे.

किती बुडतो, ते पाहण्यासाठी एक समजुतीचे उदाहरण घेऊ. समजा, ४०० ब्रॅकेटची ऑर्डर आहे. नगाला दोन किलो प्लेट लागते, तिचे ११० रुपये. कटिंगचे १० आणि ड्रिल-वेल्डिंगचे ३० धरले तर नग १५० रुपयांना पडतो आणि १८० रुपयांना जातो. म्हणजे सगळ्या ऑर्डरीवर १२ हजार रुपये सुटायचे. फोन आला तेव्हा १५० नग तयार होते आणि ९० नगांचे कटिंग झाले होते. नवे माप जुन्या तुकड्यात बसत नाही. तयार नगांत २२,५०० रुपये गेले, कापलेल्या तुकड्यांत १०,८०० गेले. एकूण ३३,३०० रुपये. भंगाराला किलोमागे ३० रुपये आले तरी ४८० किलोचे १४,४०० होतात. निव्वळ तोटा १८,९०० रुपये. उरलेली ऑर्डर चोख पुरी केली तरी सगळा नफा जाऊन घरचे सात हजार वर द्यावे लागले. जिग नव्याने बनवावी लागली, तिचा खर्च यात धरलेलाच नाही. आणि हे सारे पाच मिलीमीटरसाठी!

बदल हा गुन्हा नाही

इथे कंपनीच्या साहेबांना एकदम दोष देऊन चालणार नाही. कोणतीही नवी वस्तू पहिल्या कागदावर होती तशीच बाजारात येत नाही. चाचणीत भाग तुटतो, ठरवलेला माल मिळत नाही, खर्च कमी करायचा असतो, सरकारी नियम बदलतो, गिऱ्हाइकाची तक्रार येते. बदल होणारच. प्रश्न असतो तो वेळेचा. कागदावर असताना बदल खोडरबराने होतो. पॅटर्न किंवा डाय बनल्यावर हजारांनी पैसे लागतात. माल विकला गेल्यावर लाखांनी. एकेका टप्प्यागणिक खर्च दहापट वाढतो असा ठोकताळा अभियंते सांगतात. आकडा दहाचाच असेल असे नाही, पण दिशा बरोबर आहे.

म्हणून मोठ्या कारखान्यांत एक तारीख ठरते. त्या तारखेनंतर डिझाईन गोठवले जाते. पुढे बदल हवा असेल तर तो मागणारा कोण, कारण काय, कोणकोणत्या भागांवर परिणाम होणार, जुन्या मालाचे काय, खर्च किती, हे लिहून द्यावे लागते. डिझाईन, खरेदी, उत्पादन आणि तपासणी या खात्यांच्या सह्या झाल्या की मग नवे ड्रॉइंग निघते. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत 'रिव्हिजन' म्हणून अ, ब, क किंवा ०, १, २ असे लिहिलेले असते, ते याच कारभाराचे चिन्ह. आपल्यातले कितीतरी जण माप बघतात, ती चौकट बघत नाहीत. आमच्या मते ड्रॉइंग हातात आल्यावर नजर आधी त्या कोपऱ्यात गेली पाहिजे, मापे त्यानंतर.

आपल्याच राज्यातले एक मोठे उदाहरण पाहा. पुण्यात बनलेली टाटांची इंडिका ३० डिसेंबर १९९८ रोजी बाजारात आली. मागणी प्रचंड होती, पण पहिल्या गाड्यांबद्दल तक्रारीही भरपूर आल्या. कंपनीने सुधारणा केल्या आणि २००१ मध्ये सुधारलेली गाडी 'व्ही-टू' या नव्या नावाने आणली. ती चांगली खपली. आमच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट त्या नावात आहे. जुनी कोणती आणि नवी कोणती, हे गिऱ्हाइकाला कळले, गॅरेजवाल्याला कळले आणि सुटे भाग विकणाऱ्यालाही कळले. बदल लपवला नाही, उलट त्यालाच नाव दिले.

नंबर तोच, वस्तू दुसरी

याच्या उलट गोष्ट अमेरिकेतल्या जनरल मोटर्सची आहे. या कंपनीच्या कोबाल्ट आणि आयन या गाड्यांत किल्लीचा स्विच सैल होता. गाडी चालू असताना धक्का लागला किंवा किल्लीला जड जुडगा लटकला, तर स्विच फिरून इंजिन बंद पडे. त्याबरोबर पॉवर स्टिअरिंग जाई आणि अपघाताच्या वेळी एअरबॅगही उघडत नसे. २००६ मध्ये कंपनीच्या अभियंत्याने स्विचच्या आतला खटका आणि स्प्रिंग बदलायला मंजुरी दिली. बदल चांगलाच होता. पण भागाचा नंबर तोच ठेवला!

पुढे काय झाले? तपास करणाऱ्यांना दिसे की २००८ आणि नंतरच्या मॉडेलच्या गाड्यांत हा दोष नाही, आधीच्या गाड्यांत आहे. आणि कागदावर तर दोन्हींत एकच नंबरचा स्विच! वर्षानुवर्षे घोळ सुटेना. शेवटी एका मृत मुलीच्या आईवडिलांच्या खटल्यात तज्ज्ञाने जुना आणि नवा स्विच शेजारी ठेवून उघडले, तेव्हा आतला फरक उजेडात आला. २०१४ मध्ये कंपनीने सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यू या दोषाशी जोडले. २०१५ मध्ये कंपनीने अमेरिकी सरकारला ९० कोटी डॉलर भरले. एक नंबर बदलला असता तर कागदानेच बोट दाखवले असते.

यातून धंद्यात चालणारा नियम असा. जुन्याच्या जागी नवा आणि नव्याच्या जागी जुना भाग बिनधोक बसत असेल, तर नुसती रिव्हिजन बदलली तरी चालते. तसे बसत नसेल किंवा बसूनही काम वेगळे करत असेल, तर नंबरच नवा हवा. आपल्या गाळ्यात एवढे मोठे नंबर नसतील. तरी नव्या नगावर पंचाने एक अक्षर मारायला किती वेळ लागतो? जुन्या नगांवर रंगाचा पट्टा ओढून ते वेगळ्या पिंपात टाकायला किती? एकाच पिंपात दोन्ही माल मिसळला की पोरगा रात्रपाळीला कोणता उचलेल याचा भरवसा नाही.

आपण केलेला बदल

आता जरा आपल्याकडे बोट वळवू. ड्रॉइंगमध्ये दहा मिलीमीटरची प्लेट असते, बाजारात त्या दिवशी आठाची मिळते, आणि आपण "चालून जाईल" म्हणतो. होल चुकले तर वेल्डिंगने भरून शेजारी दुसरे पाडतो, वरून रंग मारतो. किंवा खरोखरच चांगल्या हेतूने, काम सोपे व्हावे म्हणून, जोड वेगळा करतो. कारागिराला काम करताना ज्या गोष्टी दिसतात त्या टेबलावर बसलेल्या साहेबाला दिसत नाहीत, हे खरेच आहे. पण त्या टेबलावर जो हिशोब झालेला असतो तो आपल्याला दिसत नाही, हेही तेवढेच खरे.

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी शहरात हयात रिजन्सी हॉटेलच्या भव्य दालनात हवेत टांगलेले पूल होते. चौथ्या मजल्याचा वर आणि दुसऱ्या मजल्याचा बरोबर त्याच्या खाली. मूळ डिझाईनमध्ये छतापासून निघालेली एकच लांब सळई दोन्ही पुलांमधून जात होती. लोखंडकाम करणाऱ्या फॅब्रिकेटरला हे अवघड वाटले, कारण नट वर चढवण्यासाठी लांबच लांब सळईला आटे पाडावे लागणार आणि उभारणीत ते खराब होणार. त्याने सुचवले की दोन सळया घेऊ. एक छतापासून वरच्या पुलापर्यंत आणि दुसरी वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. आपल्यापैकी कोणालाही हेच सुचले असते. सूचना वेल्डिंगच्या दुकानात बसून पाहिली तर अगदी शहाणपणाची.

पण वजन कुठे गेले ते पाहा. आधी वरच्या पुलाच्या नटावर फक्त वरच्या पुलाचे वजन होते. खालचा पूल थेट सळईला लटकला होता. नव्या रचनेत खालचा पूल वरच्या पुलालाच लटकला. वरच्या नटावर दुप्पट भार आला. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी हॉटेलात नाचगाण्याचा कार्यक्रम होता. दोन्ही पूल कोसळले. ११४ माणसे मेली, दोनशेहून अधिक जखमी झाली. चौकशीत आढळले की मूळ डिझाईनसुद्धा कायद्याने मागितलेल्या ताकदीच्या ६० टक्केच होते. बदलाने तेही निम्मे झाले. फॅब्रिकेटर म्हणाला, आम्ही फोन करून मंजुरी घेतली होती. अभियंते म्हणाले, असा फोन आलाच नाही. बदललेल्या शॉप ड्रॉइंगवर मात्र अभियंत्यांच्या कार्यालयाचा शिक्का होता, हिशोब मात्र कोणी तपासला नव्हता. म्हणून अभियंत्यांचे परवाने गेले.

फॅब्रिकेटर बंधूंनी या गोष्टीतला तो शिक्का लक्षात घ्यावा. फोनवरच्या बोलण्याला दोन तोंडे फुटली. शिक्का मारलेला कागद मात्र एकच गोष्ट बोलला. आपल्याला सुचलेली सुधारणा जरूर सांगा, पण ती साध्या चित्रावर काढून पाठवा आणि सहीशिक्क्यानिशी परत येईपर्यंत प्लेटला हात लावू नका.

तारीख कोणती?

बदलाची आणखी एक गाठ म्हणजे तारीख. "एक तारखेपासून नवे" एवढे पुरत नाही. एक तारखेपासून बनवलेले, पाठवलेले की विकलेले?

हा प्रश्न किती महाग पडू शकतो ते देशाने २०१७ मध्ये पाहिले. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-चार दर्जाची वाहने येणार हे सर्वांना ठाऊक होते. कंपन्यांनी अर्थ लावला की जुन्या बीएस-तीन गाड्या बनवणे त्या दिवशी थांबवायचे, आधी बनलेल्या गाड्या पुढे विकता येतील. २९ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, विक्री आणि नोंदणीच बंद. तेव्हा देशात सुमारे ८ लाख २४ हजार गाड्या पडून होत्या, त्यातल्या पावणेसात लाखांच्या आसपास दुचाकी. हाती उरले दोन दिवस. शोरूमच्या दारात हजारो रुपयांची सूट देऊन गाड्या काढल्या गेल्या, ज्या राहिल्या त्यांचा भार कंपन्यांवर आणि विक्रेत्यांवर पडला. बीएस-सहाच्या वेळी न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्येच स्पष्ट केले की १ एप्रिल २०२० पासून बीएस-चार विकता येणार नाही.

उलट कळंबोलीतल्या ट्रकवाल्यांना जवळचा असा दुसरा नियम घ्या. मोठ्या आणि मध्यम मालट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे करताना सरकारने १ ऑक्टोबर २०२५ रोजी किंवा त्यानंतर 'बनवलेल्या' गाड्यांना, असे शब्द घातले. एका शब्दाने जुना साठा सुटला. आपल्या ऑर्डरीत असा शब्द कोण घालणार? आपल्यालाच विचारून घ्यावा लागेल. "साहेब, नवे माप कितव्या नगापासून? तयार आहेत ते घेणार ना?"

वही आणि निरोप

आमचा धंदा जबानीवर चालतो, लिहायला सांगितले तर साहेबाला अविश्वास वाटेल, असे आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात. ही भीती खोटी नाही. लहान माणसाने मोठ्याकडे कागद मागितला की पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाते, हा अनुभव अनेकांचा आहे. पण कागद मागायची गरजच नाही, आपणच लिहून पाठवावे. मोबाईल सगळ्यांच्या खिशात आहे. फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत त्याच माणसाला निरोप जावा: "आज सकाळी आपण फोनवर सांगितल्याप्रमाणे ब्रॅकेटचे होल १२० ऐवजी १२५ घेत आहोत. जुन्या मापाचे १५० नग तयार, ९० कापलेले आहेत. ते घेणार की मोडायचे, आणि मोडायचे तर खर्च कसा, ते कळवावे. तोवर काम थांबवले आहे." भाषा नम्र आहे, भांडणाचा एक शब्द नाही, पण पुढे कोणी डेबिट नोट काढून पैसे कापले तर हा निरोप उभा राहतो. शक्य तर तोच मजकूर कंपनीच्या ई-मेलवरही टाकावा. माणूस नोकरी सोडून गेला तरी पत्ता राहतो.

गाळ्यात एक वही ठेवावी, फक्त बदलांची. तारीख, कोणी सांगितले, कोणत्या ड्रॉइंगमध्ये, जुनी रिव्हिजन, नवी रिव्हिजन, कितव्या नगापासून, दरात फरक. एका बदलाला एक ओळ. नवे ड्रॉइंग आले की भिंतीवरचे जुने काढून त्यावर लाल काट मारायची. फेकायचे नाही, कारण जुन्या मालाचा वाद निघाला तर तेच लागते. फोनवर आलेले ड्रॉइंगचे फोटो ही आजची नवी डोकेदुखी आहे. चार गटांत चार आवृत्त्या फिरत असतात आणि वेल्डर सर्वांत वरची उघडतो. छापून, तारीख टाकून एकच प्रत कामावर द्यावी.

आणि दर ठरवतानाच एक वाक्य घालावे: ऑर्डर दिल्यानंतर ड्रॉइंग बदलल्यास तयार व अर्धवट मालाचा खर्च वेगळा. पहिल्या वेळी साहेब नाक मुरडतील. पण ज्याचे पैसे लागतात तो बदल करण्याआधी दोनदा विचार करतो, हा मनुष्यस्वभाव आहे. आज कितीतरी बदल केवळ फुकट आहेत म्हणून होतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कायद्याचा आधार

लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात या वादाला लागू पडणारी एक तरतूद आहे, ती आपल्या लोकांना फारशी माहीत नसते. माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असे धरले जाते. महिन्याभराने "ड्रॉइंग बदलले होते, तुमचा माल जुन्या मापाचा आहे" असे तोंडी सांगून बिल अडवणे या तरतुदीपुढे टिकणे कठीण आहे. अर्थात डिलिव्हरी चलनावर पोचल्याची सही आणि तारीख हवी. आणि चलनावर ड्रॉइंगचा नंबर व रिव्हिजन लिहिलेली असेल तर उत्तमच. पैसे देण्याची मुदत करारात काहीही लिहिली तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते. तक्रार राज्याच्या सुविधा परिषदेकडे करता येते. निकाल विरुद्ध गेला आणि खरेदीदाराला न्यायालयात जायचे असेल, तर त्याला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

हे सारे मिळायला 'उद्यम' नोंदणी हवी, आणि ती ऑर्डर घेण्याच्या आधीची असलेली बरी. नोंदणी फुकट आणि ऑनलाइन आहे. पैसे मागणाऱ्या दलालाकडे जाण्याचे कारण नाही. उशिराच्या पैशांची ही तरतूद माल बनवणाऱ्या आणि सेवा देणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी आहे. नुसता माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळू लागली, पण ती बँकेच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरती. तेव्हा लोखंड बाजारात प्लेट विकणाऱ्या शेठना हे कलम वापरता येणार नाही. ती प्लेट कापून ब्रॅकेट करणाऱ्याला येईल.